रक्तातली बुरशी

बुरशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पावसाळ्यात कपाटात राहून गेलेला चामड्याचा पट्टा, बॅचलर फ्लॅटमधल्या फ्रिजवर विसरलेला पाव, नाहीतर लोणच्याच्या बरणीत कोणीतरी ओला चमचा घातल्यावर वर आलेला पांढरा थर. थोडक्यात, बुरशी वस्तूंना येते. माणसाला आलीच तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, नखांना, जांघेत. मेडिकलवाल्याकडून मलम आणायचं, चार दिवस लावायचं, विषय संपला. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोचला तेव्हा आपण हादरलो होतो खरे. पण ती म्युकर, नाकातून सायनस आणि डोळ्यांकडे सरकणारी. आज मी लिहितोय ती गोष्ट निराळी आहे. ही बुरशी थेट रक्तात सापडते, आणि सापडते ती बहुतेक वेळा आयसीयूमध्येच.

आता एका आयटीवाल्याला हा विषय कुठून सुचला? तर जीवशास्त्राशी मी दहावीनंतर जी फारकत घेतली होती ती गेल्या वर्षी सक्तीने मोडावी लागली. माझे मामा, साताऱ्याला त्यांचं इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान, वय अठ्ठावन्न, पोटात दुखतंय म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसले. निघाला पित्ताशयातला खडा, आणि तो नको तिथे अडकल्यामुळे स्वादुपिंडाला आलेली जबरदस्त सूज. साताऱ्याहून पुण्याला आणलं. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर लागला. मग मी, मामी आणि मामेभाऊ आयसीयूबाहेरच्या त्या स्टीलच्या खुर्च्यांवर पाळ्या लावून बसायला लागलो. हिंजवडीत कंपनीची नाइट शिफ्ट केली होती, ही दुसरी नाइट शिफ्ट. फरक इतकाच की इथे स्क्रीनवर काय दिसतंय ते आपल्याला वाचता येत नाही.

अकराव्या दिवशी परत ताप चढला. तोवर थोडा उतार पडला होता, म्हणून सगळे जरा सैल झाले होते. रक्त कल्चरला गेलं. चौदाव्या दिवशी सकाळी 'पेशंटचे नातेवाईक कोण?' अशी हाक आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, "ब्लड कल्चरमध्ये यीस्ट वाढलंय."

मामी मला म्हणाली, "काय म्हणाले रे ते? यीस्ट म्हणजे पावात घालतात तेच ना?"

मी 'हो, तसंच काहीतरी' म्हणालो. नंतर वाचल्यावर कळलं की उत्तर फारसं चुकीचं नव्हतं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. त्यात पावाचं यीस्ट आलं, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात आणि कातडीवर मुकाट्याने राहणारी कॅन्डिडा आली, आणि मातीत, पाण्यात, झाडापानांवर राहणाऱ्या शेकडो जाती आल्या. 'यीस्ट वाढलं' हा रिपोर्ट म्हणजे आमच्या धंद्यातला 'समथिंग वेंट राँग' असा एरर मेसेज. गडबड आहे एवढं नक्की. कुठली, ते नंतर.

हा 'नंतर' का लागतो तेही मजेशीर आहे (त्या वेळी अजिबात मजेशीर वाटलं नव्हतं). पेशंटचं रक्त एका पौष्टिक द्रव भरलेल्या बाटलीत घालतात आणि ती बाटली शरीराइतक्या उबेच्या मशीनमध्ये ठेवतात. आत काही जिवंत असेल तर ते खातं, वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्यामुळे बाटलीच्या बुडाशी असलेल्या सेन्सरमध्ये बदल होतो आणि मशीन ओरडतं. मग कोणीतरी त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतं. गोल, अंकुर फुटलेल्या पेशी दिसल्या की 'यीस्ट'. इथवर आली ती पहिली बातमी. पुढे ते थाळीत वाढवायचं आणि त्याची ओळख पटवायची, यात आणखी एक-दोन दिवस जातात. यात सगळ्यात वाईट भाग असा, की खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये रक्ताचं कल्चर निगेटिव्हच येतं. म्हणजे काही न सापडणं हे काही नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

डॉक्टर थांबले नाहीत. यीस्ट म्हटल्यावर ती कॅन्डिडा असण्याचीच शक्यता सर्वात जास्त, म्हणून त्याच दिवशी एकायनोकॅन्डिन गटातलं इंजेक्शन सुरू झालं. मानेतली सेंट्रल लाइन काढून दुसरीकडे नवी घातली. बिलावरची त्या इंजेक्शनची ओळ बघून मामेभाऊ काही बोलला नाही, नुसता कागदाची घडी घालत राहिला. सोळाव्या दिवशी नाव आलं: ट्रायकोस्पोरॉन आसाही. आणि तासाभरात औषध बदललं.

का बदललं? कारण ट्रायकोस्पोरॉनवर एकायनोकॅन्डिन चालतच नाही. इतकं महागडं, इतकं नवं औषध, पण या बुरशीला त्याचं काहीच वाटत नाही. इथे व्होरिकोनॅझोल लागतं. दोन्ही 'यीस्ट'च, दोघांचा ताप सारखाच, दोघांत बीपी सारखंच खाली येतं. पण एकीचं औषध दुसरीला पाण्यासारखं. म्हणजे हा नावाचा खटाटोप हौसेचा नाही, त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

*

त्या दोन दिवसांत मामीने एक प्रश्न विचारला होता. डॉक्टरांना नाही, मला. "अरे, हे बाहेरून आलं, का इथंच लागलं त्यांना?" मामेभावाचं मत ठरलेलं होतं: हॉस्पिटलचा हलगर्जीपणा. ओळखीचा वकीलही त्याने शोधून ठेवला होता. मला दोघांनाही उत्तर देता येईना. ते उत्तर शोधण्यात माझे पुढचे कित्येक शनिवार-रविवार गेले. जे समजलं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, धडधाकट माणसाच्या रक्तात बुरशी तग धरत नाही. सदतीस अंशांची ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही. ज्यांना सोसते त्यांना पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. आणि मुळात आत शिरायला कातडी आणि आतड्याचं अस्तर ओलांडावं लागतं. वर आतड्यात अब्जावधी जिवाणू जागा अडवून बसलेले असतात. लोकल डब्यात चौथी सीट मिळू न देणाऱ्या मंडळींसारखे ते बुरशीला पसरू देत नाहीत.

आता आयसीयूतला पेशंट बघा. गंभीर जंतुसंसर्गासाठी जोरदार अँटिबायोटिक्स चालू आहेत. ती जिवाणू मारतात, बुरशीला हात लावत नाहीत. म्हणजे डबा रिकामा झाला, आता बसा ऐसपैस. तोंडाने खाता येत नाही म्हणून ग्लुकोज आणि स्निग्ध पदार्थ थेट रक्तात दिले जातात. मानेतून किंवा मांडीतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी गेली आहे, म्हणजे कातडीच्या भिंतीला एक दरवाजाच पाडलाय. त्या प्लॅस्टिकच्या नळीवर यीस्ट चिकट थर करून बसतं आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा मामांसारखं स्वादुपिंड सडत असेल, तर आतड्याची भिंतही गळकी. वरून डायलिसिस, स्टिरॉइड, डायबेटिस यांपैकी काही असेल तर बघायलाच नको.

या यादीत एक गोष्ट लक्षात आली का? नळी, अँटिबायोटिक, शिरेतून अन्न, व्हेंटिलेटर. यातली एकही गोष्ट चूक नाही. यातली प्रत्येक गोष्ट मामांना जगवण्यासाठीच होती. त्या नळीशिवाय ते सहावा दिवस बघू शकले नसते. 'रोगापेक्षा इलाज भयंकर' ही म्हण इथे तोंडावर येते, पण ती लागू पडत नाही. रोग जास्तच भयंकर होता. इलाजाने जगवलं, आणि जगवता जगवता दार उघडं ठेवलं. उघड्या दारातून कोण येईल हे मग आजूबाजूला कोण आहे त्यावर. ट्रायकोस्पोरॉन मातीत असतं, माणसाच्या कातडीवरही असतं. एरवी त्याचा उपद्रव म्हणजे केसांवर पांढऱ्या गाठी. हा जीव रक्तात पोचतो तो आपण केलेल्या वाटेने.

दुसरी गोष्ट औषधांची. जिवाणूंसाठी अँटिबायोटिक्सचे ढीगभर गट आहेत, बुरशीसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण जिवाणू आपल्यापासून फार लांब आहेत. त्यांच्या पेशीत अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या आपल्यात नाहीत, तिथे नेम धरता येतो. बुरशी मात्र आपली भाऊबंद निघाली. उत्क्रांतीच्या झाडावर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तिची पेशी आणि आपली पेशी आतून बरीच सारखी, त्यामुळे तिला मारायला जावं तर आपल्यालाही लागतं. जुनं अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं. आपल्या पडद्यात त्याचाच चुलतभाऊ कोलेस्टेरॉल. म्हणून ते औषध किडनीला त्रास देतं. भाऊबंदकीचं भांडण कोर्टात जसं दोन्ही घरं खातं, तसं.

जाता जाता एक आवडलेली गोष्ट. बुरशीवरचं पहिलं कामाचं आणि माणसाला चालणारं अँटिबायोटिक, निस्टॅटिन, १९५० मध्ये दोन बायकांनी शोधलं: एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. हेझन मातीतले जीव वाढवून नमुने पोस्टाने पाठवायच्या, ब्राउन त्यातलं रसायन वेगळं करून पोस्टाने परत पाठवायच्या. वर्क फ्रॉम होमचं कौतुक आपण उगाच करतो! न्यूयॉर्क स्टेटवरून औषधाचं नाव निस्टॅटिन ठेवलं.

*

आता नावाच्या भानगडीकडे परत येतो, कारण तिथे मला माझा धंदा दिसला.

२००९ मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोतल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून एक नवं यीस्ट शोधून काढलं. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून नाव कॅन्डिडा ऑरिस. कानातला साधा पाहुणा वाटला. २०११ मध्ये दक्षिण कोरियातून तीन पेशंटच्या रक्तात ते सापडल्याची नोंद आली, आणि त्यातला एक नमुना १९९६ पासून फ्रीजरमध्ये पडून होता. मग २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या दोन हॉस्पिटलांतल्या बारा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या रक्तात हेच, आणि नेहमीच्या फ्लुकोनॅझोलला दाद न देणारं.

ते इतके दिवस लपलं कसं? लपलं नव्हतं. मशीन त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारत होतं. लॅबमधलं ओळख पटवणारं मशीन काय करतं, तर यीस्ट कुठली साखर खातं, कुठली नाही याचा नमुना काढतं आणि आपल्या डेटाबेसमधल्या नमुन्यांशी जुळवतं. डेटाबेसमध्ये ऑरिस नव्हतंच. मग मशीनने त्यातल्या त्यात जवळचं नाव छापलं: कॅन्डिडा हीमुलोनी. दिल्लीतल्या मंडळींनी डीएनए वाचून बघितला तेव्हा खरं नाव कळलं.

ज्यांनी कधी 'सर्वात जवळचा मॅच' शोधणारा कोड लिहिलाय त्यांच्या पोटात इथे गोळा येईल. तुमच्या यादीत नसलेली गोष्ट समोर आली तर प्रोग्रॅमने काय करावं? 'माहीत नाही' म्हणावं, की जवळचं काहीतरी ठोकून द्यावं? ग्राहकाला 'माहीत नाही' आवडत नाही, त्यामुळे आपण बहुधा दुसरं करतो. रिपोर्टवर नाव स्वच्छ टाइपमध्ये येतं, आणि स्वच्छ टाइपमधल्या गोष्टीवर कोणी शंका घेत नाही. दुर्मीळ बुरशी दुर्मीळ असते त्याला एक कारण हेही, की ती आपल्या यादीत नसते. आता बऱ्याच मोठ्या लॅब वेगळ्या पद्धतीने, म्हणजे प्रथिनांच्या वजनांचा ठसा घेऊन, ओळख पटवतात. मामांचं ट्रायकोस्पोरॉन त्यातच दोन दिवसांत कळलं. पण ठसा जुळवायला तिथेही यादी लागतेच.

ऑरिसची पुढची गोष्ट तर रहस्यकथा आहे. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांचे जीनोम तपासले तेव्हा दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशी चार वेगळी घराणी निघाली. एका ठिकाणाहून विमानाने पसरलं असतं तर सगळे सारखे असते. तसं नव्हतं. चार ठिकाणी, साधारण एकाच काळात, ते स्वतंत्रपणे माणसात आलं (पुढे आणखीही घराणी सापडली). का, यावर एकमत नाही. जगाची वाढती उष्णता हा एक अंदाज आहे: बाहेरची बुरशी गरम हवेला सरावली की आपले सदतीस अंश तिला अडवत नाहीत. २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत ऑरिस सापडलं, निसर्गातून मिळालेलं पहिलंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली, त्यात ते सर्वात वरच्या गटात आहे.

*

पण मामीचा प्रश्न तसाच राहिला. इथंच लागलं का? याचं उत्तर मला तीन गोष्टींत मिळालं.

एक, चंडीगड. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या तेवीस महिन्यांत तिथल्या पीजीआय संस्थेच्या बालरोग विभागात ३७९ नवजात आणि लहान मुलांच्या रक्तात पिकिया अनोमाला नावाचं यीस्ट सापडलं. हे फळांवर, झाडांवर सापडणारं, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. डॉ. अरुणलोक चक्रबर्ती आणि सहकाऱ्यांनी माग काढला. ते निघालं कुठे, तर कर्मचाऱ्यांच्या हातांवर. साथ आटोक्यात आली ती हात धुण्याची मोहीम काढल्यावर, आणि अपुऱ्या दिवसांच्या व धोक्यातल्या बाळांना निस्टॅटिन-फ्लुकोनॅझोल आधीच द्यायला लागल्यावर.

दोन, ऑक्सफर्ड. होय, तेच ऑक्सफर्ड. २०१५ ते २०१७ या काळात तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सत्तर पेशंटच्या अंगावर किंवा अंगात ऑरिस सापडलं, त्यातले सहासष्ट मेंदूविकारांच्या आयसीयूतून गेलेले. भिंती, हवा, पाणी सगळं तपासलं. धागा सापडला तो काखेत लावायच्या ताप मोजणाऱ्या प्रोबमध्ये. एका पेशंटचा काढून, पुसून, दुसऱ्याला. ते प्रोब काढून टाकल्यावर नवे पेशंट कमी झाले. सुदैवाने सत्तरांतल्या सातांनाच आतला संसर्ग झाला.

तीन, आपल्या घरातली पुडी. अँटिबायोटिकने जुलाब लागले की डॉक्टर प्रोबायोटिकची पुडी देतात, आठवतंय? त्यातल्या काहींमध्ये सॅकरोमायसिस बुलार्डी असतं. १९२० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांना इंडोचायनात ते लिची आणि मँगोस्टीनवर मिळालं. पावाच्या यीस्टचं सख्खं भावंडच. धडधाकट माणसाला उपयोगीच. पण आयसीयूत नर्सने सेंट्रल लाइनच्या शेजारी पुडी फोडली तर? फ्रान्समध्ये २००० साली कोणीतरी हे मोजून बघितलं: पुडी उघडल्यावर जिवंत यीस्ट मीटरभर लांब सापडलं, आसपासच्या पृष्ठभागांवर दोन तासांनंतरही होतं, आणि हात धुतल्यावरही हातांवर उरलं. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी अत्यवस्थ पेशंटना हे देऊ नये असं स्पष्टच सांगितलं. म्हणजे मामीने पाव म्हटलं ते किती जवळचं होतं बघा.

तीन्ही गोष्टींत खलनायक सापडत नाही. सापडतो हात, सापडतो प्रोब, सापडते पुडी. मामेभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे कोणाचीच चूक नाही?" मी म्हटलं, तसं नाही. हात धुतले नाहीत तर चूक आहेच, आणि ती विचारायचा आपल्याला हक्कही आहे. पण ट्रायकोस्पोरॉन सापडलं एवढ्यावरून कोणी हात धुतले नाहीत हे सिद्ध होत नाही. ते मामांच्याच कातडीवरून आलं असेल. आतड्यातून आलं असेल. कुठल्या दारातून, ते मामांच्या बाबतीत कोणालाच कळलं नाही.

*

विसाव्या दिवशी कल्चर निगेटिव्ह आलं. व्हेंटिलेटर त्याच्या आदल्या दिवशी निघाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी येऊन थेंब टाकून पडदा तपासला, कारण रक्तातली बुरशी डोळ्यांत घर करू शकते. डोळे ठीक होते. व्होरिकोनॅझोल मात्र काही दिवस नजरेचे रंग बदलतं. मी आत गेलो तर मामा खरखरीत आवाजात म्हणाले, "अरे, ती ट्यूबलाइट निळी का दिसतेय रे? चोक गेलाय काय तिचा?" आयुष्यभर ट्यूबलाइटी विकलेल्या माणसाचा प्रश्न. मी हसलो, नर्स हसली, आणि मला वाटलं झालं, सुटलो.

तेविसाव्या दिवशीचं कल्चरही निगेटिव्ह, त्यानंतरचंही. पण सत्ताविसाव्या दिवशी पोटात रक्तस्राव झाला, मग किडनीने साथ सोडली. तेहतिसाव्या दिवशी पहाटे मामा गेले. कागदावर बुरशीचं नाव नव्हतं.

भारतातल्या सत्तावीस आयसीयूंनी मिळून २०११-१२ मध्ये एक मोठा अभ्यास केला होता, डॉ. चक्रबर्तींच्याच पुढाकाराने. रक्तातल्या कॅन्डिडाचे चौदाशे पेशंट, दर हजार भरतींमागे साडेसहा. निम्म्या पेशंटना आयसीयूत आल्यावर साधारण आठ दिवसांतच संसर्ग झालेला. आणि तीस दिवसांत त्यातले ४४.७ टक्के गेले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मामा आत होते, आणि मी लॅपटॉप बंद केला होता. आता तो नीट वाचता येतो. ४४.७ टक्के गेले म्हणजे बुरशीमुळे गेले असं नाही. बुरशी असताना गेले. रक्तात बुरशी येण्याइतका जो माणूस आजारी आहे, तो मुळातच काठावर असतो. बुरशीने किती जणांना ढकललं आणि किती जण तसेही पडले असते, हे वेगळं काढणं डॉक्टरांनाही अवघड जातं. मामांच्या बाबतीत मामेभाऊ म्हणतो बुरशीनेच गेले. मामी म्हणते खड्यानेच. मी दोघांशी वाद घालत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील साठीच्या आसपास असतील. देव करो आणि ती स्टीलची खुर्ची तुमच्या वाट्याला न येवो. आलीच, तर गूगल करून डॉक्टरांना औषध सुचवायला जाऊ नका, त्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण काही गोष्टी नातेवाइकाच्या हातात आहेत. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा, नुसता थेंब लावून नाही, बोटांच्या बेचक्यांसकट वीस-तीस सेकंद. आतल्या मावशींनी किंवा डॉक्टरांनीसुद्धा हात न धुता पेशंटला हात लावला तर हसून, पण बोला. चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही. घरून आणलेली पावडर, पुडी, फुलं, अंगारा बेडजवळ उघडू नका. देवावर राग नाही, पण अंगारा बाहेरच्या खुर्चीवरूनही पोचतो. कल्चरमध्ये 'यीस्ट' आलं असं सांगितलं तर पूर्ण नाव कधी कळेल ते विचारा, आणि नाव आल्यावर औषध तेच राहणार की बदलणार तेही.

आणि रोज सकाळी राउंड झाला की एक प्रश्न विचारा, फार नम्रपणे: "डॉक्टर, ही नळी आज अजून लागतेय का?" मोठ्या आयसीयूंमध्ये हा प्रश्न डॉक्टर स्वतःलाच रोज विचारतात, त्यांच्या चेकलिस्टमध्ये तो असतो. बहुतेक दिवशी उत्तर 'हो' असेल. मामांच्या वेळी मी विचारला तेव्हा सातही दिवस 'हो'च होतं. आठव्या दिवशी त्या तरुण रेसिडेंट डॉक्टरने चार्ट उघडला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मांडीतली काढू शकतो आज." तासाभरात काढली.